वादमित्राचा कच्चा मसुदा

मी, ऋजुता दाभाडे, वय २२, धंदा शिक्षण, राहणार पुणे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की:

१. मी विधी महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. मोमेना (वय १०) आणि तुहिना (वय ६) या सख्ख्या बहिणींची मी वादमित्र आहे. लहान मुलाला स्वतःच्या नावाने कोर्टात उभं राहता येत नाही. त्याच्यासाठी कोणी सज्ञान माणूस उभा राहतो, त्याला वादमित्र म्हणतात. त्याला सनद लागत नाही, नातंही लागत नाही. त्याचं हित मुलाच्या हिताच्या आड येता कामा नये, एवढंच लागतं.

२. दोघी चौदा महिन्यांपासून निवास केंद्रात आहेत. दारावर 'बालस्नेही' अशी पाटी आहे आणि कुलूप बाहेरून आहे. त्यांची आई जहानारा तीन वर्षांपूर्वी क्षयाने वारली. वडील चाकणला भंगाराच्या गोदामात तारा सोलायचे. २०३७ च्या नागरिकत्व पडताळणीत त्यांना उचललं, सीमेपलीकडे सोडलं. पुढे पत्ता नाही. मुलींचे जन्मदाखले नाहीत.

(समासात, टिळेकर मॅडमच्या लाल पेनाने: *कुलूप काढ. आपला वाद कुलपाशी नाही.*)

३. आता मला दोघींपैकी एकीचीच वादमित्र राहता येईल, असं न्यायपीठाने सांगितलं आहे. कोणाची, ते सात दिवसांत शपथेवर लिहून द्यायचं आहे. आज पाचवा दिवस. हा तोच कागद.

४. हे एका यंत्रामुळे झालं. त्याचं नाव मूळवेध.

(*थोडक्यात लिही. न्यायपीठाला यंत्र माहीत आहे.*)

मॅडम, माहीत असतं तर इथवर आलो नसतो.

मूळवेध शिलाई मशीनएवढं आहे. त्यात दुधाचा दात ठेवला की लेझर दाताच्या कवचाचा केसाहून बारीक थर उडवतो आणि त्या वाफेतलं स्ट्रॉन्शियम मोजतो. स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा चुलतभाऊ म्हणायचा. खडकातून तो पाण्यात येतो, पाण्यातून धान्यात, धान्यातून आईच्या अंगात. शरीराला दोन भावांमधला फरक कळत नाही, ते दोघांनाही दातात बसवतं. या स्ट्रॉन्शियमचे काही अणू हलके असतात, काही जड, आणि त्यांचं प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. आपला काळा कातळ लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. खडकांमध्ये हे वय पोरसवदा, त्यामुळे त्यात जड अणू कमी. हिमालयाचे दगड फार जुने. गंगा ते दळून बंगालच्या गाळात आणून टाकते, म्हणून तिथे जड अणू जास्त. हाडं जन्मभर बदलत राहतात. दाताचं कवच एकदा झालं की झालं. दुधाच्या दाताचं कवच मूल पोटात असताना तयार व्हायला लागतं आणि वर्षाच्या आसपास पुरं होतं. म्हणजे आई गरोदर असताना आणि मूल अंगावर पीत असताना त्या माउलीने कुठलं पाणी प्यायलं, ते दात सांगतो.

पूर्वी या तपासणीला महिने लागायचे. आता चाळीस मिनिटं लागतात.

महाविद्यालयाच्या विधी साहाय्य कक्षात आम्ही दोघं विद्यार्थी होतो, मी आणि सुमेध गजभिये. टिळेकर मॅडम आमच्या वकील. ज्या मुलांकडे एकही कागद नाही त्यांच्या तोंडात कागद सापडला, असं आम्हाला वाटलं.

५. तुहिनाचा पुढचा दात आम्ही भेटीला गेलो त्याच दिवशी पडला. ती तो मुठीत घेऊन भिंतीकडेने फिरत होती.

"काय शोधतेस गं?" सुमेधने विचारलं.

"उंदराचं बीळ. त्याला आपला दिला की तो आपल्याला त्याचा देतो."

"इथे उंदीर आहेत?"

"लय," मोमेना म्हणाली. "पण ते सोताहून आलेत. त्यांना गाडीत घालून नाही आणलं."

सुमेध हसला. मग म्हणाला, "तुहिना, हा आम्हाला दे. मी उंदराचा वकील आहे."

तिने थोडा विचार केला आणि दिला.

६. सरकारी वकील इनामदार यांनी मूळवेधला विरोध केला होता, हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं. ते म्हणाले होते, "यंत्राला सीमा कळत नाही. गाळ नदीच्या या काठचा असो की त्या काठचा, एकच. आम्हाला कागद पाहिजे."

त्यांना लेखी उत्तर मी तयार केलं. त्यातला परिच्छेद चौदा असा:

*कागद खोटा करता येतो, हरवतो, पुरात वाहून जातो. दाताला खोटं बोलता येत नाही. दोन काठांच्या गाळाबाबतचा आक्षेप केवळ तात्त्विक असून दुर्लक्ष करण्याजोगा आहे.*

मॅडमनी त्याखाली रेघ मारून 'वा' असं लिहिलं होतं. चार वर्षांत मला मिळालेला तो पहिला 'वा'.

तुहिनाचा दात काळ्या कातळाचा निघाला. न्यायपीठाने तिला इथलीच ठरवलं आणि दाताचा पुरावा कागदाहून वरचढ मानला. असा निकाल देशात पहिलाच होता. महाविद्यालयात पेढे वाटले. फलकावर माझा आणि सुमेधचा फोटो लागला. तुहिनाला सोडण्याच्या आदेशावर वादमित्राची सही लागणार होती. ती मी थांबवून ठेवली. दोघी एकदमच बाहेर येतील, असं मी त्यांना सांगितलं होतं.

७. (*हा परिच्छेद पूर्ण काढ. ऋजुता, यात तू स्वतःला अडकवते आहेस.*)

टिळेकर मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "थोरलीचा दात नको देऊस. धाकटीचा निकाल हातात आहे. सख्ख्या बहिणी आहेत, आई नाही, बाप नाही. विनंती करू. अध्यक्ष बाई माणूस आहेत."

मी म्हणाले, "मॅडम, हक्क असताना दया कशाला मागायची?"

हे वाक्य मी म्हणाले. सुमेध साक्षीला आहे.

तारीख सोमवारची होती. मोमेनाची दुधाची एक दाढ हलत होती, पण पडत नव्हती. मुलाचा दात काढायचा तर न्यायपीठाची परवानगी लागते आणि त्यात महिना जातो. आपोआप पडलेल्या दाताला कोणाचीच परवानगी लागत नाही. शनिवारी मी चिक्की घेऊन गेले. जाड, शेंगदाण्याची, गूळ चांगला कडक झालेली.

मोमेना दुसऱ्या बाजूने चावत होती.

"या बाजूने चाव ना," मी म्हणाले.

"तिकडं दुखतंय."

"थोडंच. मग लवकर घरी जायचंय ना?"

तिसऱ्या तुकड्याला दाढ निघाली. रक्त आलं. ती रडली नाही. तोंड पुसून तिने विचारलं, "उरलेली तुहिनाला देऊ?"

८. मोमेनाचा अहवाल: गंगेच्या खालच्या खोऱ्यातला गाळप्रदेश. नकाशावर एक हिरवा डाग होता, आणि त्या डागाच्या मधून सीमारेषा गेलेली. ज्याला परका म्हटलं त्याने आपण इथले आहोत हे स्वतः शाबीत करायचं, असा कायदा आहे. म्हणजे हिरवा डाग म्हणजे परकी.

मी प्रयोगशाळेला फोन केला, दातांची अदलाबदल झाली म्हणून भांडले. त्यांनी त्याच दाढेची दुसऱ्यांदा तपासणी केली. डाग तिथेच.

मग मी केंद्रात गेले.

"मोमेना, तुझा जन्म कुठला?"

"नानीकडं. मालद्याला, बालुटोल्यात. मी चालायला लागल्यावर आम्ही चाकणला आलो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कुठं? तू लिहूनच आणलं होतं."

खरं होतं. तिच्या फॉर्मवर जन्मठिकाणाच्या रकान्यात 'चाकण' मीच कक्षात बसून भरलं होतं, वडिलांच्या भाडेकरारावरून. तुहिनाचाही तसाच भरला होता आणि तिचा बरोबर निघाला.

"आणि सांगितलं होतं की मी," ती म्हणाली. "नानीच्या बदकांचं. नदीत जायची आणि तिने हाक मारली की परत यायची."

कक्षात येऊन मी पहिल्या भेटीची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: *बदकं, आजी वगैरे. असंबद्ध.*

निघताना मोमेनाने मला एक विचारलं होतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. "ताई, पहिलं मूल आईच्या आईकडंच होतं ना? तुमच्यात नाय का तसं?"

९. आमच्यात तसंच आहे.

हे मी कक्षात बोलून दाखवलं. मग मॅडम म्हणाल्या, "मी बार्शीची. आईचं माहेर."

"माझं कऱ्हाड," मी म्हणाले. माझ्या पासपोर्टवर तेच आहे. मी तिथे एकूण तीन महिने राहिले असेन.

"मी भंडाऱ्याचा," सुमेध म्हणाला. "आणि तिकडे काळा कातळ नाही, मॅडम. जुनाट दगड आहे. माझा दात घातला असता तर यंत्राने मला कुठल्या कुठे नेऊन टाकलं असतं. गजभिये निघाले परदेशी."

त्या खोलीतले आम्ही तिघंही आपापल्या आईचं पहिलं मूल होतो. तिघांचीही आई सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून, पिशवी भरून माहेरी गेली होती. आमच्या आयांच्या माहेरची वाट कुठल्या सीमेजवळून गेली नाही, एवढंच. चौदा महिने आम्ही एका बाईच्या दोन बाळंतपणांवर खटला लढवत होतो, आणि पहिलटकरीण कुठे जाते हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

(*हे लिहायचं असेल तर माझं गाव गाळ.*)

९ (अ). बालुटोला बंगालात, सीमेच्या अलीकडे आहे. होतं. मी तिथल्या गटविकास कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस फार सौजन्याने बोलला. गाव सहा वर्षांपूर्वी गंगेने कापून नेलं, म्हणाला. शाळा गेली, दवाखाना गेला, ग्रामपंचायत गेली.

"जन्माची नोंदवही?"

"मॅडम, वही पंचायतीतच असते."

१०. सुनावणी.

मूळवेधला सीमा कळत नाही, असं मी या वेळी लिहून आणलं होतं. दोन्ही काठांचा गाळ एकच, असंही. मॅडम ते वाचायला उभ्या राहिल्या.

इनामदार उठले. त्यांच्या हातात माझं जुनं उत्तर होतं. "हे परिच्छेद चौदा मी वाचून दाखवू का? फार सुंदर लिहिलंय. मला तर पाठच झालंय."

त्यांनी न बघता म्हटलं. 'दुर्लक्ष करण्याजोगा आहे' पर्यंत. एक शब्द चुकला नाही.

अध्यक्ष म्हणाल्या, "टिळेकर, तुमचंच म्हणणं आम्ही मान्य केलं होतं. आता ते तुम्हालाच नको?"

"नदी दोन्ही बाजूंना एकच आहे, मॅडम."

"मग धाकटीचा निकालही चुकला म्हणायचं का? तोही दातावरच दिलाय."

टिळेकर मॅडम खाली बसल्या. मी मागच्या बाकावर होते. खाली बसण्याशिवाय काही करता येणार नव्हतं, हे मलाही कळलं. मोमेनासाठी यंत्र पाडावं लागेल. यंत्र पडलं की तुहिनाचा निकाल पडतो आणि तीही आतच राहते. तुहिनासाठी यंत्र उभं ठेवावं लागेल. यंत्र उभं राहिलं की मोमेना परकी.

इनामदार हळू आवाजात म्हणाले, "एकीच्या बाजूचा पुरावा दुसरीच्या विरुद्ध जातो. दोघींचा वादमित्र एकच कसा राहणार?" ते चांगले वकील आहेत. कायदा त्यांनी बरोबर सांगितला.

आदेश: वादमित्राने एकीची निवड करावी; दुसरीसाठी त्याच कक्षातला किंवा नवा कोणी नेमता येणार नाही. तुहिनाचे वादमित्रपद सोडले तर तिच्या सुटकेवर सही करायला कोणी नाही (केंद्राच्या अधीक्षकांना ती सही करता येत नाही), सात दिवसांनी सुटकेचा आदेश रद्द. मोमेनाचे सोडले तर नियमाप्रमाणे केंद्राच्या अधीक्षक ठोसर तिच्या वादमित्र.

५. (पुन्हा. क्रमांक चुकला, राहू दे.) तुहिनाच्या निकालानंतर सगळ्या केंद्रांना परिपत्रक गेलं. आता दर शुक्रवारी मुलांना रांगेत उभं करून दात हलवून बघतात. प्रत्येकाच्या नावाची डबी आहे. आमच्या केंद्रात संध्याकाळच्या खाण्यात उसाची कांडकी आली. सुमेधने ते पाहिलं आणि मला म्हणाला, "चिक्कीपेक्षा स्वस्त पडतं." त्यानंतर तो कक्षात आलेला नाही.

मुलं आता पडलेले दात गिळतात. मला हे तुहिनाने सांगितलं. "पाण्याबरोबर गिळायचा. चावायचा नाय. मोमेनाने शिकवलं सगळ्यांना." ज्याचा दात सापडत नाही त्याने तो लपवला असं धरावं, असं नवं परिपत्रक येतंय, म्हणे. त्यात माझ्या परिच्छेद चौदाचा आधार घेतलाय.

११. काल मी मोमेनाला भेटले. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. ती उभीच राहिली. मी सगळं सांगितलं. दहा वर्षांच्या मुलीला सांगतात तसं न सांगता, जसं आहे तसं.

"तू तुहिनाची झालीस तर माझी कोण?"

"ठोसर बाई."

"ज्यांच्याकडं किल्ली असते त्याच?"

"हो."

"मग त्या माझ्याकडून कोणाशी भांडणार? सोताशी?"

मी हातातली वही मिटली.

"आणि तू माझी झालीस तर?"

"तर तुहिना आतच राहील. आणि तुझं... मी प्रयत्न करेन. किती होईल माहीत नाही."

"आधी तर माहीत होतं."

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली.

"मोमेना, तुला काय वाटतं ते सांग. तू म्हणशील तसं करू."

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी नाय सांगणार, ताई. मी सांगितलं की तू लिहिणार, मोमेनाने सांगितलं म्हणून. तूच सांग. मोठी आहेस ना?"

(*ऋजुता, बाळा, हे सगळं काढ. मूळ प्रत खाली टाइप केली आहे. फक्त जागा भर आणि सही कर. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. नि. टि.*)

दाखल केलेली प्रत:

*मी, ऋजुता दाभाडे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, मी अज्ञान* तुहिना *हिची वादमित्र राहू इच्छिते. अज्ञान* मोमेना *हिच्याबाबत माझे काही म्हणणे नाही.*

शेवटची ओळ नमुन्यातली आहे. ती प्रत्येक प्रतीत असते.

पुढचं कुठे दाखल करायचं नाही, म्हणून क्रमांक नाहीत.

सातव्या दिवशी सकाळी अकराला तुहिनाला सोडलं. तिच्या हातात एक पिशवी होती. तीत दोन फ्रॉक आणि मोमेनाचा स्वेटर. मोमेना दारापर्यंत आली नाही. परक्यांना त्या दारापर्यंत यायची परवानगी नसते. ठोसर बाईंनी माझी सही घेतली, तारीख घालायला लावली. "तुमचं नाव झालं हो मोठं," त्या म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या.

तुहिनाला चिंचवडच्या एका कुटुंबाकडे ठेवायचं ठरलं होतं. रिक्षात ती माझ्या मांडीला टेकून बसली आणि सगळी दुकानं मोठ्याने वाचत गेली. जिथे वाचता आलं नाही तिथे मनाने नाव ठेवत गेली. मोमेनाबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहिते.

चिंचवडच्या बाई, सौ. पानसरे, दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. चांगली बाई आहे. तुहिनाला त्यांनी ओवाळलं, हातात लाडू दिला. मग टेबलावर बालकल्याण समितीचा फॉर्म काढला आणि चष्मा लावला.

"बाळ, आई-बाबांचं मला माहितीये. ते नको बोलायला. भाऊ-बहीण कोणी आहे तुला?"

तुहिनाने लाडू खाली ठेवला. हात मागे घेऊन, शाळेत मुली उभ्या राहतात तशी ताठ उभी राहिली.

"नाही. मी एकटीच आहे. मला कोणी बहीण नाही."

एवढं शुद्ध मराठी ती कधी बोलत नसे. तीन दिवस कोणीतरी बसून तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. शब्द शब्द करून, चुकलं की पुन्हा. परक्याची सख्खी बहीण निघाली की दर वर्षी फेरपडताळणी होते. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आतल्या मुलांना सगळं माहीत असतं.

पानसरे बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना हो? इथे साक्षीदाराची सही आहे, म्हणून विचारते."

मी पेन घेतलं आणि सही केली.

बाई पाणी आणायला आत गेल्या. तुहिना माझ्याजवळ आली, माझा दुपट्टा ओढून मला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "ताई, नीट म्हटलं ना मी?"

"शाबास," मी म्हणाले.